संपातला बंदोबस्त आणि कृतज्ञतेची थैली

मे १९२६ मध्ये ब्रिटनमधील सार्वत्रिक संप नऊ दिवस चालून मागे घेण्यात आला. त्याच महिन्यात लंडनच्या 'टाइम्स' वृत्तपत्राने पोलिसांसाठी उघडलेल्या निधीकडे देणग्यांचा ओघ सुरू झाला. संपकाळात ज्यांनी सुव्यवस्था राखली त्यांच्याविषयी राष्ट्राला वाटणारी कृतज्ञता व्यक्त व्हावी, असा निधीचा घोषित हेतू होता. पाहता पाहता ही रक्कम दोन लाख पौंडांच्या पुढे गेली. ज्यांच्या वेतनाच्या प्रश्नावरून हा संप झाला ते दहा लाखांवर खाणकामगार त्या वेळी टाळेबंदीत होते आणि पुढे नोव्हेंबरपर्यंत अर्धपोटी राहून झगडत होते. देणगीदारांच्या सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु औद्योगिक कलहात ज्याने उभय पक्षांपासून सारखे अंतर राखावे अशी अपेक्षा, त्यालाच कलह मिटताच समाजाच्या एका थराने थैली अर्पण करावी आणि शासनाला त्यात काहीही वावगे वाटू नये, याचा अर्थ काय होतो? ही गोष्ट जुनी असली तरी तिच्यातला प्रश्न जुना झालेला नाही, आणि आपल्या देशापुरता तर तो मुळीच जुना झालेला नाही.

त्या संपाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. कोळशाचा धंदा मंदीत होता. खाणमालकांना वेतन कमी करून कामाचे तास वाढवायचे होते. जुलै १९२५ मध्ये सरकारने नऊ महिन्यांसाठी अर्थसाहाय्य देऊन भांडण पुढे ढकलले. त्यापायी तिजोरीतून सुमारे २ कोटी ३० लाख पौंड गेले. ३० एप्रिल १९२६ रोजी ते साहाय्य संपले, मालकांनी खाणींना टाळे लावले आणि ३ मेच्या मध्यरात्री कामगार संघटनांच्या महामंडळाने सार्वत्रिक संप पुकारला. हे नऊ महिने सरकारने समझोत्याच्या खटपटीपेक्षा तयारीतच अधिक घालविले होते, हे पुढे दिसून आले. संप सुरू झाला तेव्हा ब्रिटनमध्ये सुमारे ९८ हजार विशेष शिपाई होते. संप संपला तेव्हा त्यांची संख्या २ लाख २६ हजारांवर गेली होती. शिवाय प्रादेशिक सेना आणि विद्यापीठांतील लष्करी शिक्षणाची पथके यांतून भरती केलेले एक पगारी राखीव दल वेगळेच. त्यांच्या अंगावर गणवेश नव्हता. दंडावर पट्टी, डोक्यावर पोलादी शिरस्त्राण आणि हातात दंडुका एवढीच त्यांची ओळख.

विशेष शिपाई ही संस्था ब्रिटनमध्ये १८३१ च्या कायद्याने पक्की झाली. दंग्याची भीती वाटली की दंडाधिकाऱ्यांनी सामान्य नागरिकांना शपथ देऊन शिपाई करावे, अशी ती योजना. १८४८ मध्ये चार्टिस्टांच्या लंडनमधील मेळाव्याच्या वेळी असे हजारो शिपाई उभे केले गेले. पुढे फ्रान्सचा सम्राट झालेला लुई नेपोलियनही त्यांत दंडुका घेऊन उभा होता, ही इतिहासातील एक गमतीची नोंद आहे. पण ती नुसती गमतीची नाही. विनावेतन शिपाईगिरी करायची तर दिवसाची मजुरी बुडाली तरी चूल पेटते अशी घरची स्थिती असावी लागते. त्यामुळे ज्या सेवेला मोबदला नाही ती सेवा सर्व नागरिकांना सारखी खुली आहे असे कायदा म्हणत असला, तरी तिच्यात येणारा माणूस कोणत्या वर्गातून येणार हे अर्थशास्त्राने आधीच ठरवून ठेवलेले असते. १९२६ मध्ये ऑक्सफर्ड व केंब्रिजचे विद्यार्थी, कचेऱ्यांतील वरिष्ठ नोकर, निवृत्त लष्करी अधिकारी हे लोक त्यात पुढे होते. त्यांच्या दृष्टीने हा एक साहसी खेळ होता, आणि खेळ म्हटले की पदकही आलेच. 'लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न' या रेल्वे कंपनीने 'राष्ट्रीय आणीबाणीतील सेवेबद्दल' कांस्यपदक काढले. संपावर गेलेल्या रेल्वे कामगारांना मात्र परत कामावर घेताना कंपन्यांनी त्यांची नाके दाराला घासविली.

नेहमीच्या पोलिसाची गोष्ट निराळी होती. तो बहुधा कामगाराच्याच घरातला असे. ८ मे रोजी प्लिमथ येथे संपकरी आणि पोलीस यांच्यात फुटबॉलचा सामना झाला आणि तो संपकऱ्यांनी दोन विरुद्ध एक असा जिंकला, ही हकीकत ब्रिटिश लोक आजही मोठ्या कौतुकाने सांगतात. त्याच दिवशी त्याच गावात ट्रामगाड्यांवर दगडफेकही झाली होती, हे सांगायला ते कधी कधी विसरतात. एकूण तीन हजारांवर लोकांवर खटले भरले गेले. म्हणजे संप अगदीच खेळीमेळीत पार पडला असे नाही. तथापि पोलीस व संपकरी यांच्यात वैर असणे हा काही निसर्गनियम नव्हे, एवढे त्या सामन्यावरून मान्य करायला हरकत नाही. वैर उत्पन्न करावे लागते. चर्चिल यांच्या हाती असलेल्या 'ब्रिटिश गॅझेट' या सरकारी पत्राने संपकाळात असे जाहीर केले की, मुलकी सत्तेच्या साहाय्यार्थ सैनिकांनी प्रामाणिकपणे जे काही केले असेल त्याला सरकारचा पूर्ण पाठिंबा राहील. हे आगाऊ अभयदान खुद्द राजे पाचवे जॉर्ज यांनाही रुचले नाही. अभयदान आणि बक्षिसी या एकाच धोरणाच्या दोन बाजू होत. काय केले हे पाहण्यापूर्वीच एक दिले जाते आणि काय केले हे न विचारताच दुसरी दिली जाते.

आता या निधीमागचा खरा विरोधाभास ध्यानात यावा म्हणून सात-आठ वर्षे मागे जाणे अवश्य आहे. ऑगस्ट १९१८ मध्ये लंडनच्या पोलिसांनीच संप केला होता. युद्धकाळात महागाई वाढली होती, वेतन तुटपुंजे होते आणि संघटनेला मान्यता नव्हती. सरकार घाबरले, वेतनवाढ मिळाली. डेझबरो समितीच्या शिफारशीवरून शिपायाचा पगार आठवड्याला ७० शिलिंगांपर्यंत चढला. त्यापाठोपाठ १९१९ च्या पोलीस कायद्याने पोलिसांच्या कामगार संघटनेवर बंदी आली आणि तिच्या जागी संपाचा अधिकार नसलेले एक सरकारमान्य मंडळ देण्यात आले. त्या बंदीविरुद्ध ऑगस्ट १९१९ मध्ये जे दोन हजार तीनशेंहून अधिक पोलीस संपावर गेले ते सारे बडतर्फ झाले. त्यांपैकी एकालाही पुन्हा सेवेत घेतले नाही. त्यांची निवृत्तिवेतनेही गेली. म्हणजे ज्या शिपायाला १९१९ मध्ये आपल्या श्रमाची किंमत एकत्र येऊन मागण्याची बंदी केली, त्यालाच १९२६ मध्ये दुसऱ्यांचा संप मोडायला मदत केल्याबद्दल लोकवर्गणीची थैली दिली. त्याच वर्षी अमेरिकेतील बॉस्टन शहरात हाच प्रकार अधिक उघडपणे घडला. सप्टेंबर १९१९ मध्ये तेथील १,५४४ पोलिसांपैकी १,११७ संपावर गेले व ते कायमचे घरी बसले. त्यांच्या जागी जे नवे आले त्यांना वाढीव पगार, जास्त सुट्या आणि फुकट गणवेश मिळाला. जुन्यांच्या मागण्या नेमक्या याच होत्या. कॅनडातील विनिपेग येथे जून १९१९ च्या सार्वत्रिक संपात तर आपल्या संघटनेचा त्याग करण्याच्या प्रतिज्ञेवर सही न केल्याबद्दल जवळजवळ सारे पोलीसदल काढून टाकले गेले आणि दिवसाला सहा डॉलर देऊन विशेष शिपाई नेमले गेले. एवढी मजुरी नेहमीच्या शिपायाने कधी पाहिली नव्हती. २१ जूनला त्या शहरात गोळीबार झाला आणि दोन माणसे मेली.

वेतन आणि बक्षिसी यांत भेद आहे, आणि तो रकमेचा नाही. वेतन हा करार असतो. ते मागता येते, कमी पडले तर त्याबद्दल भांडता येते, नाकारले तर दाद मागता येते. बक्षिसी मागता येत नाही. ती देणाऱ्याच्या मर्जीवर असते, आणि ती कशाबद्दल द्यायची हे देणाराच ठरवतो. म्हणूनच संघटनेला भिणारा प्रत्येक मालक बक्षिसीच्या बाबतीत उदार असतो. दिवाळीला मिठाईचा पुडा देणारा आणि बोनस म्हटले की कोर्टात जाणारा गिरणीमालक मुंबईने पुष्कळ पाहिला आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. संपाच्या दिवसांत शिपाई सोळा-सोळा तास उभा असतो, रस्त्यावर जेवतो, दगड खातो. त्याच्या हाती काही पडले तर समाजवाद्यांच्या पोटात का दुखावे? शिवाय 'टाइम्स' च्या निधीचा विनियोगही काही वाईट झाला नाही. पोलिसांच्या मुलांचे शिक्षण, त्यांच्या कल्याणसंस्था, खेळ यांसाठीच तो लागला. हे सारे खरे आहे. पण मग असे विचारावे लागते की, ही रक्कम तासांची किंमत म्हणून दिली जाते काय? तसे असेल तर अनंत चतुर्दशीला मुंबईच्या चौपाटीवर सलग चोवीस तास उभा राहणारा शिपाई, आषाढीला पंढरपूरच्या वाळवंटात पाय भाजून घेणारा शिपाई, निवडणुकीच्या पेट्या सांभाळणारा शिपाई यांच्यासाठी अशी वर्गणी कोणी का काढीत नाही? श्रम सारखेच असतात. उलट पंढरीचे श्रम काकणभर जास्तच. मोबदला फक्त एका प्रकारच्या बंदोबस्तालाच मिळत असेल, तर त्याची आकारणी श्रमावर होत नसून कोणाविरुद्ध बंदोबस्त केला यावर होते, असाच निष्कर्ष काढावा लागतो. जादा कामाचा जादा पगार द्यावा; तो सरकारी तिजोरीतून, नियमाने, सर्व बंदोबस्ताला एकाच दराने द्यावा. त्या तिजोरीत संपकऱ्याने भरलेला करही असतो.

अर्थात पगार तिजोरीतून आला म्हणून सारे दोष जातात असेही नाही. १९८४-८५ चा ब्रिटनमधील खाणकामगारांचा संप याला साक्ष आहे. मार्गारेट थॅचर यांनी १९७९ मध्ये सत्तेवर येताच पोलिसांची मोठी वेतनवाढ तातडीने अमलात आणली होती. पाच वर्षांनी त्यांना पोलिसांची गरज लागली. त्या वर्षभर दूरदूरच्या जिल्ह्यांतून पोलीस खाणींवर आणले गेले आणि जादा कामाच्या भत्त्याने त्यांची पाकिटे फुगली. उपाशी संपकऱ्यांसमोर काही पोलीस नोटा फडकावीत आणि संप असाच चालू द्या म्हणून चिडवीत, असे तेव्हाचे खाणकामगार आजवर सांगत आले आहेत. १८ जून १९८४ रोजी ऑरग्रीव्ह येथे जो लाठीहल्ला झाला, त्यानंतर ९५ जणांवर खटले भरले गेले आणि पोलिसांच्या साक्षी न टिकल्यामुळे ते कोसळले. १९९१ मध्ये दक्षिण यॉर्कशायर पोलिसांना ३९ जणांना सव्वाचार लाख पौंड नुकसानभरपाई द्यावी लागली. या प्रकरणाची चौकशी ब्रिटिश सरकारने जाहीर केली ती २०२५ मध्ये, म्हणजे ४१ वर्षांनी.

आपल्याकडे या प्रश्नाला वसाहतीच्या राज्याचा आणखी एक पदर आहे. १८६१ चा पोलीस कायदा १८५७ नंतर लिहिला गेला आणि त्याची कलमे वाचताना ते जाणवल्याशिवाय राहत नाही. १३ व्या कलमान्वये कोणाही व्यक्तीला अर्ज करून स्वखर्चाने जादा पोलीस मागविता येत. १४ व्या कलमान्वये रेल्वे, कालवे, कारखाने यांतील नोकरांच्या वर्तनाची धास्ती वाटल्यास तेथे जादा पोलीस नेमून खर्च व्यवस्थापनाकडून घेता येई. १५ व्या कलमान्वये 'अशांत' मुलखात दंडाचे पोलीस बसवून त्यांचा खर्च रहिवाशांकडून वसूल होई. १७ व्या कलमाने रहिवाशांतून विशेष पोलीस नेमता येत आणि नेमणूक नाकारणाऱ्याला १९ व्या कलमाने ५० रुपयांपर्यंत दंड. मालकाने पैसे भरले तर पोलीस त्याच्या दारात रक्षक म्हणून उभा राहणार आणि गावाने पैसे भरले तर गावाच्या उरावर शिक्षा म्हणून बसणार! स्वातंत्र्यानंतर या तरतुदींचा ताठा कमी झाला, तरी त्यांचे बीज १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमातही उतरले. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा खर्च ज्या उद्योगात ते असते तो उद्योग भरतो. २००९ पासून खाजगी उद्योगांनाही ते दल मिळू शकते. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने स्थापन झालेले सुरक्षा महामंडळ शुल्क घेऊन आस्थापनांना जवान पुरविते. संपाच्या दिवशी या जवानाने कोणाकडे पाहून निःपक्षपाती राहावे, हे कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले नसते.

स्वयंसेवक शिपायाचीही आपली एक परंपरा आहे. डिसेंबर १९४६ मध्ये मोरारजीभाई देसाई यांनी मुंबई प्रांतात गृहरक्षक दल स्थापन केले. 'निष्काम सेवा' हे त्याचे ब्रीद, आणि अत्यावश्यक सेवा चालू ठेवणे हे त्याच्या कामांपैकी एक. निष्काम सेवेचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. ब्रिटनच्या विशेष शिपायाप्रमाणे आपला होमगार्ड सुखवस्तू घरातून आला नाही. तो आला बेकार तरुणांतून, शेतमजुरांतून, रोजंदारीवरच्या कामगारांतून. सरकारने त्याला 'स्वयंसेवक' म्हणत दैनिक भत्त्यावर वर्षानुवर्षे पोलिसाचे काम करून घेतले. अखेर मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, महिन्याचे तीस दिवस भरल्यास पोलीस शिपायाच्या किमान वेतनाइतकी रक्कम हाती पडेल असा भत्ता त्यांना द्यावा. निष्काम सेवा ही शासनाला परवडणारी सर्वांत स्वस्त मजुरी ठरली होती.

आणि बक्षिसी? मे १९७४ च्या रेल्वे संपाने ती आपल्याकडे राजरोस आणली. ८ ते २७ मेपर्यंत चाललेल्या त्या संपात हजारो कामगार तुरुंगात गेले, रेल्वे वसाहतींतून त्यांच्या बायकामुलांना बाहेर काढले गेले. जे कामावर राहिले त्यांना 'निष्ठावान' हे बिरुद मिळाले. कोणाला आगाऊ वेतनवाढी, तर कोणाच्या मुलाला रेल्वेत नोकरी. वडिलांनी संप मोडला ही मुलाची पात्रता! १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झालेल्या मधू दंडवते यांनी बडतर्फ कामगारांना परत कामावर घेतले, तेव्हा कुठे एका बाजूची जखम भरली. दुसऱ्या बाजूला दिलेली इनामे कोणी परत घेतली नाहीत, आणि तशी ती घेणे शक्यही नव्हते.

पोलिसाने स्वतःसाठी काही मागितले की शासनाची कृतज्ञता कशी आटते, याचे दाखले मात्र लांब शोधायला नकोत. १९६६ च्या कायद्याने पोलिसांच्या संघटनास्वातंत्र्यावर निर्बंध घातले आहेत. जून १९७९ मध्ये बोकारो येथे औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानांनी संघटनेचा आग्रह धरला, तेव्हा त्यांच्यावर लष्कर पाठवून गोळीबार झाला आणि अनेक जवान मारले गेले. तीन वर्षांनी मुंबईत गिरणी संप ऐन भरात असताना, १८ ऑगस्ट १९८२ रोजी, महाराष्ट्र पोलीस कर्मचारी संघटनेची मान्यता काढून घेऊन तिच्या नेत्यांना अटक करण्यात आली. शिपाई रस्त्यावर आले, शहर पेटले आणि गिरणी कामगारही त्यांच्या बरोबरीने बाहेर पडले. बाहेरच्यांना याचे नवल वाटले. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना वाटले नाही. एका खोलीत गिरणी कामगार, पलीकडच्या खोलीत पोलीस शिपाई. दोघेही रत्नागिरीचे नाहीतर साताऱ्याचे. दोघांची मुले एकाच नळावर भांडणारी. जानेवारीपासून संपावर असलेल्या अडीच लाखांपैकी कोणाच्या तरी पाठीवर सकाळी लाठी उगारायची आणि संध्याकाळी त्याच्याच शेजारी चटई टाकायची, असे सात महिने चालले होते. तो उद्रेक केंद्रीय दले व लष्कर आणून दडपला गेला. शिपाई बडतर्फ झाले. त्यांच्यासाठी कोणत्याही वृत्तपत्राने निधी उघडला नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने संपाच्या पूर्वसूचनेची सक्ती सर्व उद्योगांना केली आहे. त्यामुळे बेकायदा ठरणारे संप वाढतील आणि कारखान्यांच्या फाटकांवरील बंदोबस्तही वाढेल. अशा वेळी कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रकात फाटकावरच्या शिपायासाठीही काही कलमे घालावीत: औद्योगिक कलहातील बंदोबस्ताबद्दल कोणत्याही खाजगी व्यक्तीचे वा उद्योगाचे बक्षीस, भेट वा वर्गणी पोलिसांना घेता येऊ नये, जादा तासांचा मोबदला सर्व प्रकारच्या बंदोबस्ताला एकाच दराने मिळावा, होमगार्डला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला भत्ता वेळेवर मिळावा, आणि गाऱ्हाणी मांडण्यापुरती तरी संघटना पोलिसांना असावी. २०१६ मध्ये मुंबईतील देवनार पोलीस ठाण्यात शिपायांना आठ तासांची पाळी प्रयोग म्हणून देण्यात आली, तेव्हा त्या बातमीचे केवढे कौतुक झाले! आठ तासांच्या कामाची मागणी करताना शिकागोचे कामगार १८८६ मध्ये पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले होते.